आईवडिलांना क्रूझवर नेताना : केबिन, औषधे आणि घरच्यांच्या पाळ्या

क्रूझ ठरवताना बहुतेक कुटुंबे आधी बंदरे पाहतात, मग भाडे पाहतात, आणि गुडघे गेलेल्या आईचे किंवा पक्षाघातातून सावरलेल्या वडिलांचे कसे होणार याचा विचार तिकिटे हातात आल्यावर सुरू होतो. हा क्रम उलटा करावा. घरातल्या ज्या माणसाला सर्वांत जास्त मदत लागते, त्याला पलंगावरून उठून बाथरूमपर्यंत जाऊन परत यायला काय काय लागते हे आधी कागदावर लिहावे, आणि मग त्या कागदाला जुळणारे जहाज, केबिन व मार्ग शोधावा. एरवी वयस्कर माणसांसाठी क्रूझ हा खरोखरच सोयीचा प्रकार आहे. रोज हॉटेल बदलावे लागत नाही, बॅगा एकदाच उघडाव्या लागतात, दमल्यास खोलीत जाऊन आडवे होता येते, आणि नातवंडे आपापल्या उद्योगात असली तरी रात्री सगळे एकाच जहाजावर असतात. अडचण येते ती एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना, म्हणजे विमानतळावर, जहाजात चढताना, बाथरूमच्या उंबऱ्यावर आणि बंदरात उतरताना. पुढील मजकुरात मुख्यतः सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझचा विचार केला आहे. इतर मार्गांचा उल्लेख जेथे फरक पडतो तेवढाच आहे.

मार्ग निवडताना विचारायचा पहिला प्रश्न

प्रत्येक बंदराबाबत एजंटला एकच प्रश्न आधी विचारावा : जहाज धक्क्याला लागते की समुद्रात नांगर टाकून उभे राहते? धक्क्याला लागत असेल तर गँगवेच्या, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या फळीच्या, उतारावरून व्हीलचेअर खाली नेता येते. भरती-ओहोटीप्रमाणे तो उतार कधी सौम्य असतो, कधी तीव्र. जहाज समुद्रात उभे राहिले तर टेंडर म्हणजे छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावे लागते. कोकणच्या बोटीने मालवण-विजयदुर्गला गेलेल्या पिढीला बोटीतून पडावात उतरणे आठवत असेल. टेंडर त्याहून पुष्कळ सुरक्षित आणि बंदिस्त असते, पण बोट व जहाज दोन्ही हलत असताना मधल्या फटीवरून एक पाऊल स्वतःचे स्वतः टाकावे लागते, हे तेव्हा होते तसेच आजही आहे. खलाशी दोन्ही बाजूंनी दंडाला आधार देतात. उचलून नेत मात्र नाहीत. समुद्र थोडा जरी अस्वस्थ असला तरी व्हीलचेअरवरील प्रवाशाला टेंडरमध्ये घेण्यास जहाजाचे अधिकारी नकार देऊ शकतात, आणि त्यावर वाद घालून उपयोग नसतो.

या दृष्टीने सिंगापूरच्या नेहमीच्या मार्गांकडे पाहावे. पेनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या स्वेटनहॅम पिअरला लागते आणि शहर अगदी समोर असते, त्यामुळे दोन तास उतरून, टॅक्सीने एक फेरी मारून परत येणे ज्येष्ठांनाही झेपते. पोर्ट क्लँगलाही जहाज धक्क्याला लागते, पण क्वालालंपूर तेथून बसने तासाभराहून अधिक दूर आहे. उंच पायऱ्यांच्या बसमध्ये चढणे, तेवढेच अंतर परत येणे आणि मधे स्वच्छतागृह शोधणे हे सगळे केवळ तेथील पेट्रोनासचे जुळे मनोरे पाहण्यासाठी करावे का, याचा विचार करावा. माझ्या मते करू नये. फुकेतला अनेक जहाजे पातोंगसमोर समुद्रात उभी राहतात आणि टेंडर लागते. तेथे ज्यांना उतरता येणार नाही त्यांनी तो दिवस जहाजावर काढायचा, हे घरीच ठरवून टाकावे. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. बंदराच्या दिवशी जहाज निम्म्याहून रिकामे होते, लिफ्टसाठी थांबावे लागत नाही, बुफेत गर्दी नसते आणि डेकवर सावलीतली खुर्ची सहज मिळते.

समुद्राची सवय होते का, एवढेच पाहायचे असेल तर मुंबई-गोवा ही दोन-तीन रात्रींची फेरी बरी. व्हिसा नाही, विमान नाही आणि काही बिनसलेच तर घर जवळ. मात्र या मार्गावर चालत आलेले कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस हे जहाज १९९० साली बांधलेले आहे, आणि त्या काळच्या जहाजांच्या केबिन आजच्यापेक्षा लहान असतात, हे लक्षात ठेवून व्हीलचेअरला सोयीची केबिन मिळते का ते आधी विचारावे. लक्षद्वीपची फेरी पायांत बळ नसलेल्यांनी टाळावी, कारण तेथे बेटावर छोट्या बोटीनेच जावे लागते. पावसाळ्याच्या तोंडावर अरबी समुद्र खवळू लागतो, म्हणून मेअखेरची तारीख स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

मुले अमेरिकेत असतील आणि आईवडील तिकडे गेल्यावर क्रूझचा बेत असेल, तर तेथे एक मोठी सोय आहे. अपंगांच्या हक्कांचा अमेरिकेचा कायदा तेथील बंदरांतून ये-जा करणाऱ्या परदेशी झेंड्याच्या जहाजांनाही सर्वसाधारणपणे लागू होतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिलेला आहे. त्यामुळे तेथील जहाजांवर व्हीलचेअरला सोयीच्या केबिनबाबतची माहिती अधिक स्पष्ट मिळते. परंतु सिएटलहून अलास्काला जाणारी जहाजे सहसा कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबतात, त्यामुळे भारतीय पासपोर्ट असलेल्या आईवडिलांना कॅनडाच्या व्हिसाची सोय आधीच करावी लागते, त्या बंदरात त्यांना उतरायचे नसले तरी.

केबिन, म्हणजे मुख्यतः बाथरूम

नेहमीच्या केबिनचे दार अनेक जहाजांवर २२-२३ इंच रुंद असते, आणि आपल्याकडे मिळणारी साधी घडीची व्हीलचेअर एका बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजली तर साधारण २४ ते २६ इंच भरते. म्हणजे खुर्ची दाराबाहेर राहते. आणि आणीबाणीत वाट अडू नये म्हणून कॉरिडॉरमध्ये व्हीलचेअर किंवा बॅटरीची स्कूटर ठेवू दिली जात नाही. अ‍ॅक्सेसिबल म्हणून दिल्या जाणाऱ्या केबिनचे दार साधारण ३२ इंच किंवा अधिक असते, आत खुर्ची वळवायला जागा असते, बाथरूमला उंबरा नसतो किंवा उतार असतो, कमोडजवळ आणि शॉवरखाली धरायला दांडे असतात आणि भिंतीला घडी होणारे आसन असते. अशा केबिन मोजक्याच असतात. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतल्या तर लवकर संपतात. घरची खुर्ची टेपने मोजून तो आकडा एजंटला लेखी कळवावा आणि केबिनच्या दाराचा व बाथरूमच्या दाराचा आकडा लेखी मागवावा. “सगळं होऊन जाईल” हे उत्तर नव्हे.

व्हीलचेअर लागत नाही, काठीने किंवा वॉकरने चालता येते, अशा माणसाला साधी केबिन चालेल की नाही हे पूर्णपणे बाथरूमवर ठरते. साध्या केबिनच्या बाथरूमला काही इंचांचा उंबरा असतो, तो अर्धवट झोपेत पायाला लागतो. शॉवरची जागा इतकी अरुंद असते की पडदा अंगाला चिकटतो, आणि आंघोळ घालणाऱ्या दुसऱ्या माणसाला तेथे उभे राहायला जागाच उरत नाही. त्यामुळे ज्याला आंघोळीला मदत लागते त्याच्यासाठी, तो घरात चालत-फिरत असला तरी, अ‍ॅक्सेसिबल केबिन मागावी. शॉवरखाली बसायचे स्टूल आणि कमोडवर बसवायची उंच सीट अनेक कंपन्या आधी कळवल्यास देतात. बादली आणि तांब्या जहाजावर नसतो, जेट स्प्रेही बहुतेक ठिकाणी नसतो. एक हलका प्लास्टिकचा मग बॅगेत टाकावा, फार मोठी सोय होते. कमोड हवेच्या दाबावर चालतो आणि त्यात कागदाखेरीज काहीही टाकले तर आजूबाजूच्या केबिनचेही बंद पडू शकतात, म्हणून मोठ्यांचे डायपर पिशवीत बांधून कचऱ्यातच टाकावेत.

खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त असते, पण तेथे दिवे मालवले की दिवस आहे की रात्र हे कळत नाही. विसराळूपणा सुरू झालेल्या माणसाला त्या अंधारात भलतीकडेच आल्यासारखे वाटते. किमान खिडकीची केबिन घ्यावी, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात, आणि लिफ्टपासून फार लांब घेऊ नये. सिंगापूरहून जाणारी मोठी जहाजे साडेतीनशे मीटरच्या आसपास लांब असतात. शिवाय कॉरिडॉरमध्ये जाड गालिचा असतो, ज्यावर भरलेली खुर्ची ढकलणे घरच्या फरशीवर ढकलण्यापेक्षा बरेच जड जाते. बहुतेक केबिनच्या भिंती आणि दारे पोलादी असतात, त्यामुळे त्यांवर लोहचुंबक चिकटते. चुंबकाचे दोन-तीन आकडे नेल्यास काठी, स्वेटर आणि औषधांची पिशवी हाताशी टांगता येते, आणि सगळी दारे एकसारखी दिसणाऱ्या कॉरिडॉरमध्ये आपल्या दारावर फ्रिजवरचा गणपती लावला तर आजी बरोबर स्वतःच्या दाराशी थांबतात.

खरे ते लेखी कळवणे

आरक्षणानंतर कंपनीचा विशेष गरजांचा फॉर्म भरावा लागतो, आणि तो किमान महिना-दीड महिना आधी गेलेला बरा. यात अनेक घरांत संकोच होतो. बाबांना “मी काही आजारी नाही” असे म्हणायचे असते आणि मुलालाही आपल्या वडिलांबद्दल तसे लिहवत नाही. परंतु फॉर्ममध्ये लपवलेली गोष्ट जहाजावर मिळत नाही. व्हीलचेअर, ऑक्सिजन, झोपेत लावायचे सीपॅप यंत्र, इन्सुलिन, ऐकू कमी येणे, जिना चढता न येणे हे सगळे स्पष्ट लिहावे. सीपॅपसाठी लागणारी एक्स्टेन्शन वायर आणि डिस्टिल्ड वॉटर आधी मागितल्यास अनेक जहाजांवर मिळते. घरची एक्स्टेन्शन वायर, इलेक्ट्रिक किटली किंवा इस्त्री मात्र बहुधा चढतानाच काढून घेतली जाते. जहाजावरच्या व्हीलचेअर चढण्या-उतरण्यापुरत्या आणि तातडीच्या वेळेसाठी असतात, त्यामुळे रोज लागणारी खुर्ची आपलीच न्यावी. जहाजाचे कर्मचारी आंघोळ घालत नाहीत, भरवत नाहीत, पलंगावरून खुर्चीत बसवत नाहीत. ज्याला हे लागते त्याच्यासोबत ते करू शकणारा प्रौढ माणूस हवाच, अशी बहुतेक कंपन्यांची अट असते.

हेमोडायलिसिसची सोय नेहमीच्या जहाजांवर नसते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असणाऱ्या रुग्णाने “मधे एक चुकवू” असा हिशेब कधीही करू नये.

विमानाची व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागावी आणि प्रवासाच्या किमान ४८ तास आधी पक्की करावी. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार आणि तिचे वॉट-अवर (म्हणजे तिच्यात किती वीज साठते तो आकडा) विमान कंपनीला कळवून लेखी होकार घ्यावा.

औषधे

औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत आणि मूळ रासायनिक नावांनी लिहून घ्यावी. आपल्याकडची ब्रँडनावे जहाजावरच्या डॉक्टरांना ओळखू येतीलच असे नाही. त्याच कागदावर आजारांची नावे, शस्त्रक्रिया, स्टेंट किंवा पेसमेकर आणि अ‍ॅलर्जी असावी. शेवटचा ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड यांचे फोटो घरातल्या किमान दोघांच्या फोनमध्ये असावेत. प्रवासाचे दिवस अधिक चार-पाच दिवस एवढ्या गोळ्या मूळ पाकिटांत न्याव्यात, आणि त्या दोन हातबॅगांत वाटून ठेवाव्यात. मोठ्या बॅगा टर्मिनलवर हमालांकडे दिल्या की त्या केबिनच्या दारात कधीकधी संध्याकाळ उलटून गेल्यावर येतात, तोवर दुपारची आणि रात्रीची गोळी हाताशी हवी.

झोपेच्या काही गोळ्या किंवा कोडीन असलेले खोकल्याचे औषध सिंगापूरला नेण्यासाठी तेथील आरोग्य यंत्रणेची पूर्वपरवानगी लागू शकते. हिवाळ्यातली दुबईची क्रूझ असेल तर अधिक जपावे, कारण ट्रामाडॉल आणि मधुमेहाने पाय जळजळणाऱ्यांना आपल्याकडे सर्रास दिले जाणारे प्रीगाबालिन ही दोन्ही संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधे आहेत. त्यांची परवानगी ऑनलाइन घेता येते. आणि हे औषधांच्या यादीत बसत नसले तरी सांगायला हवे : खसखशीवर सिंगापूर आणि अमिराती, दोन्हीकडे बंदी आहे. दिवाळीच्या सुट्टीत निघताना डब्यात अनारसे भरण्याचा मोह आवरावा. तसेही घरी शिजवलेले पदार्थ जहाजावर नेऊ दिले जात नाहीत. बंद पाकिटातला सुका खाऊ सहसा चालतो.

इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत ठेवू नये, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा नुसता थंडावा देणारा असतो, म्हणून औषधासाठीचा फ्रिज मागावा आणि वापरलेल्या सुयांसाठी डबाही मागावा. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे आणि जहाजावर रात्रीच्या जेवणाची पहिली बैठक आपल्या चहाच्या वेळेनंतर लगेच असू शकते. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा कशा सरकवायच्या हे निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. बोट लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिनची गोळी आपल्याकडे घराघरांत असते, पण वयस्कर माणसांना तिने गुंगी येते, तोल जातो, प्रोस्टेटचा त्रास असल्यास लघवी अडू शकते आणि काचबिंदूच्या रुग्णांनाही ती जपून द्यावी लागते. शेजाऱ्यांनी सांगितले म्हणून ती देऊ नये.

विमा

भारतातले मेडिक्लेम परदेशात सहसा चालत नाही, आणि जहाजावरचा दवाखाना कॅशलेस नसतो. तेथे डॉक्टर आणि नर्स असतात, ईसीजी निघतो, सलाइन लावता येते, प्रकृती स्थिर करून पुढच्या बंदरात रुग्णालयात हलवले जाते. खर्च थेट आपल्या जहाजावरच्या खात्यात चढतो, बहुधा परकी चलनात. म्हणून प्रवास विमा घेताना तीन गोष्टी पॉलिसीच्या कागदात शोधाव्यात : आधीपासूनच्या आजारांना किती आणि कोणत्या परिस्थितीत संरक्षण आहे, क्रूझ प्रवास त्यात धरला आहे का, आणि जहाजावरून किंवा परदेशातून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का. स्वस्त पॉलिसीत जुन्या आजारांना एकतर वगळलेले असते, नाहीतर केवळ जिवावरच्या प्रसंगापुरती छोटी रक्कम असते. विम्याच्या अर्जात मधुमेह किंवा बायपास लपवणे म्हणजे हप्ता पाण्यात घालणे होय.

घरच्यांच्या पाळ्या

तीन पिढ्या निघाल्या की सगळे मिळून आजीकडे बघतील असे सगळेच गृहीत धरतात, आणि प्रत्यक्षात ते काम एका सुनेवर किंवा एका मुलीवर पडते. तिची सहल होतच नाही. हे टाळायचे असेल तर पाळ्या निघण्याआधी ठरवाव्यात आणि नावानिशी ठरवाव्यात : सकाळची आंघोळ कोण, दुपारी सोबत कोण, रात्री त्याच केबिनमध्ये कोण झोपणार. रात्रीची सोबत रोज बदलली तरी चालते, पण आंघोळीचे आणि शरीराच्या इतर गरजांचे काम ज्याच्या हातून घ्यायला त्या माणसाला संकोच वाटत नाही त्यालाच द्यावे. सासरे सुनेला कधीच सांगणार नाहीत की त्यांना बाथरूमला जायचे आहे. औषधे देण्याचे काम मात्र एकाकडेच असावे, नाहीतर दोघे देतात किंवा कोणीच देत नाही. घरी सांभाळणाऱ्या मावशींना सोबत नेणे शक्य असेल तर त्यांचा पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवाशाचे पूर्ण तिकीट यांचा खर्च आधी धरावा, आणि त्यांनाही मोकळा वेळ ठेवावा.

ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे, त्याला विचारूनच हे ठरवावे. चालता येणारे पुष्कळ ज्येष्ठ व्हीलचेअरला तीव्र विरोध करतात. त्यांना ती विमानतळ आणि टर्मिनल यांच्यापुरती आहे आणि जहाजावर ते स्वतःच्या पायांनी फिरणार आहेत, असे सांगितले तर बहुधा पटते, आणि ते खरेही असते.

जहाजावर पोहोचल्यावर

मुंबई-सिंगापूर विमानप्रवास साधारण साडेपाच तासांचा आहे आणि अनेक विमाने रात्रीची असतात. त्याच दिवशी जहाज पकडू नये. निदान एक रात्र सिंगापुरात हॉटेलवर काढावी आणि सूज आलेल्या पायांना विश्रांती द्यावी. टर्मिनलवर मदतीची वेगळी रांग असते, ती निःसंकोच वापरावी. जहाज मधे दुसऱ्या देशात जात असेल तर सिंगापूरला परतताना पुन्हा प्रवेश होतो, हे व्हिसाच्या अर्जाच्या वेळीच ध्यानात घ्यावे.

जहाज निघण्याआधी किंवा निघताच सुरक्षेची कवायत होते. तिचा कंटाळा करू नये. सात लहान आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा असतो, आणि तेव्हा लिफ्ट वापरायच्या नसतात. म्हणून आपल्या केबिनमधल्या माणसाला जिन्यावरून नेण्यासाठी मदत लागेल अशी नोंद झाली आहे ना, हे त्याच वेळी अधिकाऱ्याला विचारावे. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी दिव्याने किंवा कंपनाने इशारा देणारे साधन मागता येते.

वॉकर धरलेल्या माणसाला बुफेत ताट धरता येत नाही, तेव्हा टेबलावर वाढणाऱ्या डायनिंग रूममध्येच जेवण ठेवावे. जैन, कमी मिठाचे किंवा मऊ जेवण मात्र आरक्षणाच्या वेळीच सांगितलेले असावे. जेवणाआधी हात साबणानेच धुवावेत, कारण जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नसतो, आणि उलट्या-जुलाबांनी सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते. नाटकगृह आणि डायनिंग रूममध्ये वातानुकूलन कडक असते. शाल आणि कानटोपी वर्षभर उकाडा असलेल्या सिंगापूरच्या प्रवासातही लागते. कार्यक्रम संपण्याच्या पाच मिनिटे आधी उठले तर लिफ्टपुढची गर्दी टळते.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या थेट टर्मिनलवर दिसतात. सकाळच्या गोळ्या, इन्सुलिन, दातांची कवळी, कानाचे यंत्र, चपला, एक जोड कपडे आणि एक डायपर हातबॅगेत काढून ठेवल्याशिवाय ती बॅग बाहेर ठेवू नये. उतरण्यासाठी व्हीलचेअरची वेळ आदल्या दिवशीच रिसेप्शनवर नोंदवावी, आणि परतीचे विमान दुपारनंतरचे घ्यावे. दवाखान्यात गेले असल्यास तपशीलवार बिल, डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा अहवाल आणि पैसे भरल्याची पावती जहाज सोडण्यापूर्वीच मागून घ्यावी. घरी आल्यावर ईमेल करून ते कागद मिळवण्यात आठवडे जातात, आणि विमा कंपनीने दिलेली मुदत तोवर थांबत नाही.